चौदा सह्यांचा अर्ज आणि चार पुठ्ठे

माझ्या मुलीच्या वर्गात शिकवण्याच्या नावाखाली जो खेळ चालतो, त्याविषयी मी तोंडी पुष्कळ बोललो आहे. लेखी मात्र एकदाच लिहिले, आणि त्या एका अर्जाने मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा सव्वीस वर्षांच्या धंद्यात कोणत्याही अर्जाने दिला नाही. म्हणून ही हकीकत क्रमाने मांडतो.

मी अर्जनवीस आहे. वसई गावात तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे. सातिवलीच्या कारखान्यातला कामगार असो, नायगावच्या नव्या इमारतीतला भाडेकरू असो, किंवा सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव राहिलेला गोखिवऱ्याचा शेतकरी असो, ज्याला सरकारशी बोलायचे आहे तो माझ्या बाकावर येऊन बसतो. तो आपले गाऱ्हाणे कसेही सांगतो, मध्येच रडतो, मध्येच भावाला शिव्या देतो. मी त्यातून मुद्दे उचलतो आणि साहेबाला वाचावासा वाटेल असा अर्ज तयार करतो. माझे स्वतःचे शिक्षण नववीपर्यंतच झाले, पण माझ्या भाषेत दुरुस्ती करण्याचे धाडस अद्याप कोणा पदवीधरानेही केलेले नाही. शेजारी संगणकाची दोन दुकाने झाली, तरी जाणकार लोक आजही माझ्या हस्ताक्षरातला अर्ज मागतात.

या धंद्याचे दोन नियम मी कधी मोडले नाहीत. पहिला हा की अर्जात ठोस मागणी असली पाहिजे. नुसते दुःख लिहिले तर कारकून ‘नोंद घेतली’ असा शेरा मारतो आणि कागद फायलीत जातो. दुसरा नियम शेवटच्या ओळीचा. प्रत्येक अर्जाखाली, सहीच्या अगोदर, मी लिहितो : ‘वरील मजकूर मला वाचून दाखविला असून तो मला समजला आहे.’ मग अर्ज वाचून दाखवतो, समजले का असे विचारतो, समोरचा हो म्हणतो आणि सही करतो.

आता मुलीकडे वळतो. ती सातवीत आहे. तिच्या शाळेत विज्ञानाला एक नवीन बाई आल्या, तात्पुरत्या नेमणुकीवर. दर काही महिन्यांनी मुदतवाढीचा कागद आला तर राहायचे, नाही तर घरी जायचे, अशी ती नेमणूक. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मुलांना घरून जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगितल्या. त्या कापून प्रत्येकाला चार पुठ्ठे करून दिले आणि त्यांवर अ, ब, क, ड लिहायला लावले.

खेळ असा. बाई फळ्यावर प्रश्न लिहितात आणि चार उत्तरे देतात. कोणी कोणाशी बोलायचे नाही, आपल्याला पटेल तो पुठ्ठा वर धरायचा. बाई मोजतात, पण बरोबर कोणते ते सांगत नाहीत. म्हणतात, “आता शेजाऱ्याला पटवा.” मग पाच मिनिटे वर्गात बाजार भरतो. त्यानंतर पुन्हा पुठ्ठे वर. ज्याने पुठ्ठा बदलला त्याने का बदलला ते उभे राहून सांगायचे. एका प्रश्नात अर्धा तास जातो. धडा तिथेच राहतो.

मुलगी हे घरी कौतुकाने सांगू लागली तेव्हाच माझे डोके फिरले. आमच्या वेळी वर्गात बोलणाऱ्याला बाकावर उभे करत. इथे न बोलणाऱ्याला बोलायला लावत होते.

“आज काय प्रश्न होता?” मी एकदा विचारले.

“एक किलो पाण्यात शंभर ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलं तर वजन किती भरेल.”

“तू काय दाखवलंस?”

“आधी अ. एक किलोच. कारण मीठ दिसत नाही ना मग. नंतर ब केलं, एक किलो शंभर ग्रॅम.”

“का बदललंस?”

“माझ्या शेजारणीने पटवलं. तिच्या घरी मासे खारवतात. ती म्हणाली, मीठ दिसत नसलं तरी पाणी खारट लागतं ना, मग ते गेलं कुठे? असेल तर वजन पण असणार.”

ही शेजारीण पाचूबंदरच्या मच्छीवालीची मुलगी. तिच्याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. पण माझ्या मुलीने विज्ञानाचे उत्तर पुस्तकातून न घेता शेजारच्या बाकावरून घेतले, ही गोष्ट मला सहन होईना.

“म्हणजे कॉपी केलीस.”

“कॉपी कशी, पप्पा? मला पटलं म्हणून बदललं.”

“तुझं स्वतःचं उत्तर कोणतं मग? पहिलं की दुसरं?”

“पहिलं माझं होतं, पण चूक होतं. दुसरं पण माझंच आहे.”

मी तिला द्रावणाची व्याख्या म्हणायला सांगितली. ती तिने घडाघडा म्हटली, तेव्हा कुठे मला बरे वाटले.

शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी पालक उभे असत, त्यांच्यातही कुरकुर होतीच. एक म्हणे वर्गात गोंगाट फार. दुसरा म्हणे पहिली चाचणी आली तरी दोनच धडे झालेत. सातिवलीला लेथवर काम करणारा एक पालक होता, तो म्हणाला, “तुम्ही रायटर आहात ना, एक अर्ज मारा की. नुसतं इथे बोलून काय होणार?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ही विनंती योग्य वाटली. खरे सांगायचे तर अभिमानही वाटला, कारण त्या फाटकाशी दुकानदार होते, एक बँकेत नोकरीला जाणारी आई होती, केळी-भाजीच्या बागायतीतले वाडीवाले होते, आणि लेखणी माझ्याकडे मागितली जात होती.

दुसऱ्या दिवशी मी तीन पानी अर्ज घेऊन गेलो. शिक्षण खात्याच्या कचेरीला उद्देशून, प्रत मुख्याध्यापकांना. त्यातले पहिले दोन परिच्छेद आजही मला पाठ आहेत आणि आजही मला त्यांत उणे दिसत नाही. मात्र गोंगाट आणि मागे पडलेले धडे एवढ्यावर अर्ज संपवला तर तो फायलीत जाणार हे मला ठाऊक होते. म्हणून शेवटच्या पानावर मी ठोस मागणी घातली : ‘सबब सदर शिक्षिकेस चालू मुदतीनंतर मुदतवाढ देण्यात येऊ नये, ही विनंती.’ हे मला कोणी सांगितले नव्हते. धंद्याच्या सवयीने लेखणी तिथे गेली आणि थांबली नाही. मुदतवाढीचा निर्णय महिनाअखेर व्हायचा होता, हेही मला माहीत होते.

फाटकाशीच मी तो वाचून दाखवला. घंटा झाली होती, मुले अंगावर येत होती, कोणी दप्तर धरत होते, कोणी चपला शोधत होते. समजले का, असे मी रीतसर विचारले. सगळे हो हो म्हणाले. चौदा सह्या झाल्या. मच्छीवाली टोपली खाली ठेवून आली, पदराला हात पुसले आणि “कुटं करू?” एवढेच विचारून सही करून गेली.

अर्ज कचेरीत दिल्याला आठवडाही झाला नव्हता, तोच मुख्याध्यापकांनी शनिवारी सकाळी सह्या करणाऱ्या पालकांना बोलावले. चौदांपैकी अकरा आलो. आम्हांला आमच्याच मुलांच्या बाकांवर बसवले. गुडघे बाकाखाली जात नव्हते. मी पहिल्या रांगेत बसलो, शेजारी ती मच्छीवाली. मुले बाहेर व्हरांड्यात होती, त्यांत माझी मुलगीही खिडकीच्या गजांना धरून उभी होती.

मुख्याध्यापक बाईंना म्हणाले, “तुम्हांला काही सांगायचं असेल तर सांगा.”

बाईंचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज शांत होता. “सर, मी काही सांगत नाही. पालकांना एक प्रश्न विचारू का?”

त्यांनी पुठ्ठ्यांचे अकरा जुडगे वाटले. माझ्या हातात आलेल्या ‘क’च्या पाठीमागे सोनेरी अक्षरांत कोणाच्या तरी हळदीची वेळ छापलेली होती. बाईंनी फळ्यावर लिहिले : ‘या अर्जात काय मागितले आहे?’ खाली चार उत्तरे. अ, बाईंना समज द्यावी. ब, हा खेळ बंद करावा. क, बाईंना शाळेतून कमी करावे. ड, यांपैकी काहीच नाही.

“कोणी कोणाशी बोलू नका,” बाई म्हणाल्या. “दाखवा.”

मी ‘क’ वर धरला. अर्ज मी लिहिलेला, मला काय विचार करायचा होता. मग सहज मागे वळून पाहिले. चार जणांनी अ धरला होता. चार जणांनी ब. दोघांनी ड. माझ्या पुठ्ठ्यासारखा दुसरा पुठ्ठा त्या वर्गात नव्हता.

मला वाटले, लोकांनी पुठ्ठे उलटसुलट धरले असतील. बाईंनी आकडे फळ्यावर मांडले. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “आता शेजाऱ्याला पटवा.”

माझ्या शेजारणीचा पुठ्ठा ड होता.

“तुम्ही ड का धरलात?” मी विचारले.

“भाऊ, ते नळाचं हाय ना? पोरींना प्यायला पानी नाय, नळ तुटलाय. त्याचा अर्ज.”

“नळाचा अर्ज कोणी सांगितला तुम्हांला?”

“कोनी नाय. मला वाटलं. शालेत आनखी कशाची तक्रार असनार?”

मी अर्जाची प्रत काढली आणि शेवटचा परिच्छेद तिला वाचून दाखवला. तिने मान हलवली नाही. “हे बारीक करून सांगा,” ती म्हणाली. सव्वीस वर्षांत हे वाक्य मला कोणी म्हटले नव्हते. मी सांगितले. पुढची मुदत देऊ नका, म्हणजे बाईंना घरी पाठवा.

“आन् मी सही केली त्यावर?”

“तुम्ही हो म्हणालात.”

“तुमी वाचत होतात, म्हनून हो म्हनाले. एवढा शिकलेला मानूस वाचतो, त्याला नाय कसं म्हनायचं?” मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “माजी पोरगी चार वर्सं गप बसायची वर्गात. तिच्या बोलन्याला पोरं हसायची. या बाईंनी तिला बोलायला लावली. आन् तिच्याच आईची सही घेऊन तुमी बाईला घालवता.”

मागच्या बाकावर सातिवलीचा पालक बँकेतल्या आईला म्हणत होता, “मी तर बोललो होतो थोडा आवाज कमी करा म्हणून. नोकरीवरून काढा असं कुठे बोललो?” ती म्हणत होती, “पण शेवटी तसंच लिहिलंय, बघा ना.” वर्गात तोच बाजार भरला होता, ज्याविरुद्ध मी तीन पाने लिहिली होती. मुख्याध्यापकांनी दोनदा टेबलावर डस्टर आपटला.

पुन्हा पुठ्ठे वर झाले. आता अकराच्या अकरा ‘क’. माझे उत्तर सर्वांनी मान्य केले होते आणि कोणी माझ्याकडे पाहत नव्हते.

बाईंनी फळ्यावरचा प्रश्न पुसला आणि दुसरा लिहिला : ‘तुम्हांला काय हवे आहे?’ उत्तरे तीच. या वेळी अ आणि ब यांचे मिश्रण झाले, एकदोन ड आले. ‘क’ एकही नव्हता. मी माझे चारही पुठ्ठे मांडीवर उलटे ठेवून दिले. बाईंनी ते पाहिले आणि मला काही विचारले नाही. त्याचाही मला राग आला.

अर्ज माघारी घ्यायचा तर नवा अर्ज द्यावा लागतो. तो लिहायला मीच. शाळेच्या मैदानात बदामाच्या झाडाखाली आम्ही बसलो. मी पहिले वाक्य उच्चारले, तर मच्छीवाली म्हणाली, “थांबा, हिला कलतंय का बघू,” आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका आईला विचारले, काय लिहिले ते सांग. तिला सांगता आले नाही, म्हणून वाक्य खोडले. प्रत्येक वाक्याला हेच. एकाने ऐकायचे, दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याचे तिसऱ्याला पटले तरच ते कागदावर जायचे. ‘सदर’ गेले, ‘सबब’ गेले. ‘मुदतवाढ देण्यात यावी’ यावरही हरकत आली. “बाईंना ठेवा, असं लिवा,” ती म्हणाली. सरकारला असे लिहीत नाहीत, असे मी तीन वेळा सांगितले. लेथवाला म्हणाला, “दादा, तुमचं सरकारला कळतं, आम्हाला कळत नाही. ह्या वेळी उलटं होऊ द्या.”

अर्ध्या पानाला अडीच तास लागले. वर्गात गोंगाट थोडा आवरावा. परीक्षेआधी धडे पुरे करावेत. नळ दुरुस्त करावा. बाईंना ठेवावे. यापेक्षा दरिद्री मजकूर मी आयुष्यात लिहिला नाही. न आलेल्या तिघांच्या घरी जाऊन त्यांनाही तो तसाच समजावला आणि सह्या घेतल्या.

घरी जाताना मुलगी माझ्या दोन पावले मागे होती. नाक्यावर आल्यावर तिने विचारले,

“बाई जाणार का, पप्पा?”

“ते कचेरी ठरवेल.”

“पण तुमच्यामुळे गेल्या तर मी वर्गात कुठे बसू?”

मी म्हणालो, तुझ्याच जागेवर बसायचे, आणखी कुठे. त्या रात्री ती जेवली, पण माझ्याशी बोलली नाही. पुढचे कित्येक दिवसही नाही.

सोमवारी मी शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो. कारकून मला ओळखतो, माझे कागद त्याच्या टेबलावर रोज जातात. त्याने दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले.

“अक्षर दोन्हीकडे तुमचंच,” तो म्हणाला. “सह्या त्याच चौदा. एकात म्हणता काढा, दुसऱ्यात म्हणता ठेवा. खरा कोणता धरू?”

“दुसरा.”

“आणि पहिल्याचं काय? खाली ‘वाचून दाखविला, समजला’ असं आहे. मग लोकांनी समजून दिला होता की नाही? साहेब मलाच विचारणार.”

मागे रांग होती. मला एकदम माझी नववी आठवली. बीजगणिताचे सर फळ्यावर लिहून वळत आणि म्हणत, समजलं का, आणि आम्ही साठ मुले एका सुरात हो सर म्हणत असू. मीही म्हणत असे. मला एकही समीकरण कळले नव्हते हे वार्षिक परीक्षेपर्यंत कोणालाच कळले नाही. निकालानंतर वडिलांनी मला शाळेतून काढले आणि एका वकिलाच्या कचेरीत नक्कल करायला बसवले. तिथे अक्षर सुधारले, बाकी काही नाही. हे मी कधी कोणाला सांगितले नाही आणि त्या रांगेतही सांगितले नाही.

“पहिला माझा होता,” मी म्हणालो. “चूक होता. लोकांना तो समजला नव्हता.”

“हे लिहून द्या,” कारकून म्हणाला. “तुमच्या सहीने.”

मी त्याच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहून दिले. चार ओळी. त्यांत, पहिल्या अर्जातील शेवटचे वाक्य वस्तुस्थितीस धरून नव्हते, असेही लिहावे लागले. ते वाक्य मी हजारो अर्जांखाली लिहिले आहे. सही करताना, बाकीच्या अर्जांचे काय, हा विचार मनात आला तो अजून गेलेला नाही. कारकुनाने कागद टाचला आणि पुढच्याला हाक मारली.

महिनाअखेर बाईंचा मुदतवाढीचा कागद आला, वर्ष संपेपर्यंतचा. मला तो शाळेकडून कळला नाही, मुलीकडून कळला. ती धावत शेडखाली आली, टेबलावर दप्तर आपटले आणि “राहिल्या” एवढेच म्हणाली. मग माझ्या डब्यातली पोळी उचलून खाऊ लागली. आमचे बोलणे तिथून पुन्हा सुरू झाले.

खेळाबद्दल माझे मत बदललेले नाही. गोंगाट होतो तो होतोच, आणि धडे अजून मागे आहेत. मुख्य म्हणजे या प्रकरणाने माझा धंदा बिघडवला आहे. ती शेवटची ओळ लिहिताना आता माझा हात अडतो. पूर्वी दिवसाला बारा अर्ज होत, आता सहा होणे मुश्किल.

आज सकाळचीच गोष्ट. नायगावचे एक म्हातारे गृहस्थ वारसनोंदीसाठी आले होते. अर्ज झाला, वाचून दाखवला. समजले का विचारले, ते हो म्हणाले आणि पेनासाठी हात पुढे केला. मी पेन दिले नाही.

“काय लिहिलंय ते मला सांगा,” मी म्हणालो.

“तुम्हीच लिहिलंय, मला काय विचारता?”

“तरी सांगा.”

त्यांनी सांगितले. त्यांच्या सांगण्यात बहिणीचे नावच नव्हते; अर्जात होते. बहिणीचा हिस्सा आपण मान्य करत आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते. मी पुन्हा समजावू लागलो तर ते चिडले. बाकावर गोखिवऱ्याच्या एक बाई आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. मी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणालो, “ताई, तुम्ही वाचा. मग यांना सांगा, तुमच्या शब्दांत.”

“माझा नंबर कधी लागणार मग?”

“हे झालं की.”

त्या कुरकुरल्या, पण वाचू लागल्या. मग दोघांचे सुरू झाले. माझ्याकडे पाठ, आवाज चढलेला, संगणकवाल्याच्या दुकानातून लोक मान वळवून पाहत होते. मी पेनाला टोपण लावले आणि ते काय ठरवतात त्याची वाट पाहत बसलो.